काकूंची मांडणी

लिफ्टच्या कारखान्यात, चाचणी विभागात, ज्या बाईंना सगळे काकू म्हणतात, त्या खरं तर कुणाच्याच काकू नाहीत. नवरा एकुलता एक. दीर नाही, जाऊ नाही, म्हणजे पुतण्या-पुतणीचा प्रश्नच मिटला. तरी दारावरचा पहारेकरी त्यांना काकू म्हणतो, भांडारातली माणसं काकू म्हणतात, आणि त्यांच्याहून चांगले चार वर्षांनी मोठे असलेले मोठे साहेबही बिनदिक्कत काकूच म्हणतात. सुरुवातीला काकूंनी एकदोनदा भुवया उंचावून पाहिल्या. मग दिलं सोडून.

वय बावन्न. अंगाने ठेंगण्या, चालायला तुरुतुरु, आणि चष्मा कायम दोरीने गळ्यात. स्वभावाचं म्हणाल तर नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पण कामात बोट ठेवायला जागा नाही, त्यामुळे बोलणार कोण?

आता हे काम काय, ते सांगतो. आपण लिफ्टमध्ये शिरतो, बटण दाबतो आणि आरशात बघून केस सारखे करतो. तेवढ्या वेळात मोटर वीज खेचून भार तोलून धरते, मग ब्रेक सुटतो, मग केबिन हलते. सगळं एका सेकंदाच्या आत. हा क्रम चुकला की माणसं धडपडतात. म्हणून ऑसिलोस्कोप नावाचं यंत्र लावतात, ते सेकंदाला हजारो वेळा मोजमाप घेतं आणि आकडे साठवून ठेवतं. नुसते आकडे. ते वाचायला बसलात तर जन्म पुरायचा नाही. त्या आकड्यांच्या रेघा काढून दाखवायचं काम सॉफ्टवेअर करतं, आणि रेघ कशी काढायची हे त्या सॉफ्टवेअरला माणसानेच सांगावं लागतं. कुठली रेघ वर, कुठली खाली, कुठला रंग, पडद्यावर किती वेळ मावायचा, किती वीज म्हणजे किती उंची, असं दोन-तीन डझन रकान्यांतून भरायचं. हे भरण्यात काकूंचा हात धरणारा कारखान्यात कुणी नव्हता.

एकोणिसाव्या वर्षी त्या इथे आल्या तेव्हा तारेची वेटोळी गुंडाळायला बसल्या होत्या. त्या काळी स्कोपचा पडदा बशीएवढा गोल होता आणि त्यावर एकच हिरवी रेघ नाचायची. ती साठवून ठेवायची सोय नव्हती. जुन्या फोरमननी एक युक्ती काढली होती. काचेवर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिलने रेघ गिरवून घ्यायची. कुणाचा हात थरथरायचा, कुणाचा घाम कागदाला लागायचा. एक दिवस फोरमननी वेटोळी गुंडाळणाऱ्या या मुलीचा स्थिर हात पाहिला आणि तिला काचेसमोर बसवलं. पाच वर्षं तिने रेघा गिरवल्या. वीज कुठे अडखळते, कुठे दम खाते, हे पुस्तकात न वाचता तिच्या बोटांना कळलं. पुढे संगणक आले, कागद गेले, फोरमनही गेले. काकू राहिल्या.

सहा वर्षांपूर्वी नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा काकूंनी आठवडाभर बसून सगळे रकाने भरले आणि ते भरलेलं जसंच्या तसं साठवून ठेवलं. मोटरची वीज लाल, ब्रेक हिरवा, वेग निळा, बाहेरून येणारी वीज करडी. नोंद उघडायची, ही फाइल निवडायची, की चारी रेघा आपापल्या जागी येऊन बसणार. फाइलला काहीतरी नाव द्यायला हवं होतं. तेव्हाच्या एका इंजिनिअरने गमतीने ‘काकूंची मांडणी’ असं टाकलं आणि तेच चिकटलं. आज कारखान्यातल्या अकराच्या अकरा संगणकांवर ती फाइल आहे. अहवालात चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘दर्शन: काकूंची मांडणी’. एवढं दिसलं की पुढचे सगळे डोळे झाकून सही करतात.

घरीही काकूंची मांडणी आहे. म्हणजे खरीखुरी, स्वयंपाकघरातली, भांड्यांची. वरच्या फळीवर डबे, मधे ताटल्या, खाली पातेली, आणि चमच्यांचीसुद्धा तोंडं एकाच दिशेला. काकूंचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. एकदा त्याने ताटल्यांच्या जागी पातेलं ठेवलं तर दोन दिवस घरात मौन पाळलं गेलं. तो म्हणतो, “माझं लग्न माणसाशी झालंय की मोजपट्टीशी, तेच कळत नाही.” आणि वर असंही म्हणतो की, तक्रार अशी काही नाही, भांडी सापडतात.

दीड वर्षापूर्वी चाचणी विभागात एक नवी इंजिनिअर आली. तिशी ओलांडलेली, हुशार, दोन पदव्या घेतलेली. काकूंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘डिग्री’ ठेवलं. डिग्रीने दुसऱ्या दिवशी एक नोंद उघडली आणि ‘आपोआप बसवा’ असं लिहिलेलं बटण दाबलं. ते दाबलं की सॉफ्टवेअर प्रत्येक रेघ ताणून पडदाभर करतं.

“हे काय केलंस?” काकूंनी मागून विचारलं.

“सगळं नीट दिसावं म्हणून, काकू.”

“नीट? अगं, करडी रेघ बघ. केवढी उसळतेय. वाटतंय ना, आता जळतंय सगळं? ती जेमतेम केसाएवढी हललीय. या बटणाने मुंगी आणि हत्ती एकाच मापाचे होतात. पुन्हा दाबलंस तर बोट बांधून ठेवीन.”

डिग्री हसली, पण बटण पुन्हा दाबलं नाही. दोघींचं त्या दिवसापासून जमलं.

ज्याच्याशी काकूंचं कधी जमलं नाही तो म्हणजे पाना. तो लिफ्टचा मेकॅनिक. खिशात सदैव पाना असतो म्हणून पाना. पंचेचाळिशीचा, तेलकट कपड्यांचा, कुठेही टेकणारा. चोवीस वर्षं तो इमारतींच्या गच्चीवरच्या मशीन-खोल्यांतून हिंडतोय. काकूंच्या खोलीत आला की खुर्चीच्या पाठीवर काळी बोटं उमटवून जायचा, आणि वर म्हणायचा, “काकू, तुमच्या रेघांना तेल लागतं का हो?” काकूंना अशी थट्टा खपायची नाही. जो माणूस हात पुसत नाही तो काम काय स्वच्छ करणार, हे त्यांचं त्याच्याबद्दलचं मत, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

तर झालं असं. म्हाताऱ्या माणसांच्या एका वसाहतीत आपल्या कारखान्याची लिफ्ट आहे. ती सुरू होतानाच वीतभर घसरली. आत एक आजी होत्या, त्या पडल्या आणि मनगट मोडलं. तीन दिवस आधीच पान्याने त्या लिफ्टचा ब्रेक बसवला होता. मोठ्या साहेबांनी लिफ्ट बंद केली, ब्रेकला कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं आणि नोंद घ्यायचं यंत्र तिथे पाठवलं. रिकामी लिफ्ट चाळीस वेळा वरखाली केली. सदतिसाव्या वेळी ती पुन्हा घसरली, बोटभर. तेवढी नोंद हाताला लागली.

काकूंनी ती उघडली, मांडणी लावली, आणि चित्र स्वच्छ आलं. हिरवी रेघ आधी वर, लाल मागून. म्हणजे मोटरने भार पकडायच्या आधीच ब्रेक सुटला. किती आधी? चाळीस मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, पण केबिन घसरायला चाळीस पुरतात. ब्रेकची स्प्रिंग ढिली राहिली की तो असा घाईने सुटतो. आणि स्प्रिंग आवळणारा कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनी अहवाल लिहिला, डिग्रीने सही केली, साहेबांनी केली. गुरुवारी चौकशी ठरली. पान्याचा लिफ्टवर काम करायचा परवाना जाणार, हे ठरल्यातच जमा होतं. परवाना गेला की तो कुठल्याच लिफ्टला हात लावू शकणार नव्हता, आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं.

मंगळवारी दुपारी पाना काकूंच्या दारात उभा राहिला.

“काकू, येऊ का?”

“आलाच आहेस तर ये. पाय पूस आधी.”

त्याने पाय पुसले. हातही पुसले. काकूंना ते जरा खटकलं.

“मला जरा दाखवता का,” तो म्हणाला, “मी कुठे चुकलो ते?”

तो भांडायला येणार, आवाज चढवणार, म्हणून काकू पदर खोचून तयार होत्या. हे काहीतरी भलतंच निघालं. त्यांनी चित्र उघडलं आणि त्याला स्टूल दिलं.

“ही लाल, मोटरची. ही हिरवी, ब्रेकची. आधी कोण वर गेलंय?”

“हिरवी.”

“मग झालं तर. चाळीस मिलिसेकंद त्या केबिनला धरायला कुणीच नव्हतं.”

पाना पुढे वाकून बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “स्प्रिंग मी मापाने आवळली होती, काकू. आवळून पुन्हा मोजली होती.”

“मोजताना चुकलं असेल.”

“असेल. एक विचारू? ही नोंद घेतली तेव्हा मी मशीनच्या खोलीत उभा होतो. लिफ्ट सुटताना आधी मोटर गुणगुणते, मग ब्रेक टक् करतो. त्या वेळीही तसंच ऐकू आलं. आधी गुणगुण, मग टक्, मग घसरली. टक् आधी असता तर मला कळायला हवं होतं ना?”

“चाळीस मिलिसेकंद कानाला कळतात होय?”

“नसतील कळत. म्हणून तर तुम्हाला विचारतोय.”

“चोवीस वर्षं मोटरींच्या आवाजात काढलीस. कान थकतात, बाबा. रेघ थकत नाही.”

पान्याने मान हलवली. “बरोबर आहे,” म्हणाला, स्टूल उचलून जागेवर ठेवलं, आणि जाताना चक्क “उपकार झाले, काकू” म्हणाला.

तो भांडला असता तर काकूंना बरं वाटलं असतं. त्या उपकारांनी मात्र त्यांचं डोकं पिकलं. घरी आल्या ते धुसफुसतच. नवरा पुढच्या खोलीत कापड कापत बसला होता, त्याच्यापुढे त्यांनी सगळं ओतलं. अहो, माझ्या रेघेपुढे हा कानाचं सांगतो. अहो, वर उपकार झाले म्हणतो.

नवऱ्याने तोंडातली टाचणी काढली. “मी काय करतो सांगू? नवी टेप आणली की आधी जुनीवर ठेवून बघतो. दोन्हींची टोकं एकाच काठाला लावायची आणि दुसरं टोक बघायचं. टेप ताणलेली असते कधी कधी.”

“म्हणजे माझी टेप ताणलीय?”

“मी माझ्या टेपचं बोलतोय, बाई.”

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि झाकण्या जरा जास्तच आपटल्या. पण टोकाला टोक लावायची गोष्ट त्यांच्या मनात बसली. शंका वगैरे नव्हती हं. उद्या पान्यासमोरच टोकाला टोक लावायचं, दोन्ही रेघा एकदम वर जाताना त्याला दाखवायच्या, आणि त्याच्या त्या कानांचा निकाल लावायचा, असा बेत. रात्री त्यांना झकास झोप लागली.

बुधवारी सकाळी त्यांनी निरोप पाठवून पान्याला बोलावलं. टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं. एक लोखंडी पट्टी, तिच्यावर ब्रेकचा सेन्सर चिकटवलेला. सेन्सर म्हणजे पट्टी हलली की हिरव्या रेघेला वर ढकलणारी पेटी. पट्टी खाली टेकली की लाल रेघेची वीज सुरू व्हावी अशी तारही जोडली होती. पट्टी जेमतेम कागदाएवढी हलणार होती, त्यामुळे हलणं आणि टेकणं एकच. दोन्ही रेघा एकत्र उठायला हव्यात. हे काकूंनी पान्याला नीट समजावून सांगितलं. डिग्रीला त्यांनी भांडारात लांब तार आणायला पिटाळलं होतं.

“दाब,” काकू म्हणाल्या.

पान्याने पट्टी दाबली. पडद्यावर हिरवी रेघ उठली. मग लाल उठली.

काकूंनी चष्मा डोळ्यांना लावला. “पुन्हा दाब.”

आधी हिरवी, मग लाल.

“जोरात दाब. अंहं, हळू दाब.” जोराचा काही संबंध नव्हता, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. पाच वेळा दाबून झालं. पाचही वेळा हिरवी पुढे आणि लाल मागे, आणि मधलं अंतर दर वेळी तेवढंच. काकूंनी मोजलं. साठ मिलिसेकंद. कमी नाही, जास्त नाही. यंत्राचा दोष असता तर आकडा थोडाफार हलला असता. इतका नेमका आकडा माणसाने घातल्याशिवाय येत नाही.

कुठल्या माणसाने, हे आठवायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांनी हिरव्या रेघेचे रकाने उघडले. रंग, जाडी, उंची. मग दुसरं पान, जिथे सहसा कुणी जात नाही. तिथे ‘वेळेत सरकवा’ असा रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं, वजा साठ.

सहा वर्षांपूर्वीचा ब्रेकचा सेन्सर आळशी होता. ब्रेक सुटला तरी तो सांगायला साठ मिलिसेकंद उशीर करायचा. म्हणून काकूंनी ती रेघ कायमची साठने डावीकडे, म्हणजे आधीच्या वेळेवर, ओढून ठेवली होती, की चित्र खरं दिसावं. तेव्हा ते अगदी बरोबर होतं. गेल्या महिन्यात तो सेन्सर बाद झाला आणि नवा आला. चपळ, जराही उशीर न करणारा. काकूंनी स्वतः तो खोक्यातून काढला होता, ‘आला एकदाचा कामाचा माणूस’ म्हणून त्याचं कौतुक केलं होतं आणि वहीत सही केली होती. मांडणीतले साठ काढायचे मात्र राहिले. उशीर न करणाऱ्या सेन्सरची रेघ मांडणी इमानेइतबारे डावीकडे ओढत राहिली आणि प्रत्येक ब्रेक सुटायच्या आधीच सुटलेला दाखवत राहिली.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

“काय झालं, काकू?” पान्याने विचारलं. त्याला पडद्यावरचं काही उमगलं नव्हतं. त्याच्या लेखी दोन रेघा उठल्या होत्या, बस्स. डिग्री अजून यायची होती. खोलीत हे समजणारं एकच माणूस होतं, आणि ते तोंड मिटून बसलं होतं.

मी खोटं कशाला सांगू, काकूंच्या मनात भलतंच आलं. तार ढिली आहे म्हणायचं, याला घालवायचं, साठच्या जागी शून्य टाकायचं आणि साहेबांना सांगायचं की नोंद पुन्हा तपासली, सेन्सर नवा असल्याने जरा फरक निघाला. पाना सुटेल, आपलं नावही राहील. कुणाचं काय बिघडलं? हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि आपल्या मनात असं येऊ शकतं याचीच त्यांना इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“माझी चूक झाली,” त्या म्हणाल्या.

पाना बघतच राहिला. हे शब्द त्या खोलीत त्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

“स्टूल ओढ. बस. नीट बघ.” त्यांनी साठ पुसून शून्य टाकलं, आणि लिफ्ट घसरल्याची ती नोंद उघडली. हिरवी रेघ उजवीकडे सरकली. आता लाल आधी उठत होती आणि हिरवी तिच्यानंतर वीस मिलिसेकंदांनी, अगदी शहाण्यासारखी. त्यानंतर लगेच लाल रेघ खचली होती. तो खड्डा काकूंनी आधीही पाहिला होता, पण तेव्हा तो ब्रेक सुटल्यावर बऱ्याच वेळाने आलेला दिसला होता, म्हणून केबिन घसरल्यामुळे मोटर गडबडली असेल असं धरलं होतं. आता तो ब्रेकला चिकटून आला होता.

“मोटरने भार पकडला,” काकू बोट फिरवत म्हणाल्या. “मग तुझा ब्रेक सुटला, जेव्हा सुटायचा तेव्हाच. आणि मग मोटरने क्षणभर हात सोडला. मोटर चालवणारं सर्किटचं कार्ड बघायला हवं, आणि ते आपणच बनवतो. तुझी स्प्रिंग ठीक होती.”

“म्हणजे गुणगुण, मग टक्,” पाना म्हणाला.

“गुणगुण, मग टक्.”

पट्टी अजून त्याच्या अंगठ्याखाली दाबलेलीच होती.

डिग्री तार घेऊन आली तेव्हा काकूंनी तिलाही सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. मग नवा सेन्सर आल्यापासूनच्या बाकीच्या दोन नोंदी काढायला लावल्या. त्यांत ब्रेक मोटरनंतर इतक्या आरामात सुटत होता की साठ इकडे तिकडे झाल्याने निकाल बदलत नव्हता. तेवढं हुश्श करून काकू तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी ऐकून घेतलं. भला माणूस. म्हणाले, “काकू, झालं ते झालं. आपण असं लिहू, सॉफ्टवेअरमधली तांत्रिक त्रुटी. पाना सुटतो, कार्डाची तपासणी होते, विषय संपतो. तुमचं नाव कशाला मधे?”

“सॉफ्टवेअरला मी सांगितलं तेवढंच त्याने केलं, साहेब.”

“ते मला कळतं हो. पण तेहेतीस वर्षांत...”

“तुम्ही सॉफ्टवेअर लिहिलंत तर उद्या कुणीतरी सॉफ्टवेअर बदलेल,” काकू म्हणाल्या, “आणि नव्यात माझी मांडणी जशीच्या तशी भरेल. साठसकट. मग पुढचा पाना कोण, ते तुम्हीच ठरवा.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. काकूंनी ते उचललं आणि अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला. पहिल्याच ओळीत लिहिलं की चूक काकूंच्या मांडणीत होती, आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

गुरुवारी चौकशीत बाहेरून आलेले दोन तपासनीस होते. काकूंनी संगणक जोडला, साठ लावून चित्र दाखवलं, साठ काढून दाखवलं, मग पट्टी दाबून दाखवली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. एका तपासनिसाने विचारलं, “ही मांडणी किती संगणकांवर आहे?”

“अकराच्या अकरा. काल संध्याकाळपर्यंत सगळीकडून काढली. आता प्रत्येक सेन्सर बदलला की आधी पट्टी दाबायची आणि मगच रकाने भरायचे, असा नियम लिहून आणलाय. हा घ्या.”

“आणि हे आधी का नव्हतं?”

“मला गरज वाटली नव्हती,” काकू म्हणाल्या. अर्ध्या तासात निकाल झाला. पान्याचा परवाना जागच्या जागी राहिला, कार्डं तपासणीला गेली.

काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांना हलकं हलकं वाटत होतं. चारचौघांत चूक कबूल करून माणूस मरत नाही, उलट भूक लागते, असं काहीसं. पाना बाहेरच्या पायऱ्यांवर बसला होता. काकूंना पाहून उठायला गेला, त्यांनी हातानेच बस म्हटलं.

“आता खूश ना?” त्या म्हणाल्या. “जा, घरी सांग.”

“सांगतो.” त्याने शर्टाच्या खिशातून चौपदरी घडी केलेला कागद काढला. “हा मात्र फाडून टाकायला हवा आता. आज आत द्यायला लिहून ठेवला होता.”

“काय आहे?”

त्याने कागद पुढे केला. काकूंनी चष्मा लावला. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं, ओळी सरळ याव्यात म्हणून खाली पट्टी धरून लिहिलेलं. ‘ब्रेकची स्प्रिंग माझ्याकडून ढिली राहिली. माझ्यामुळे आजींचा हात मोडला. काकूंच्या चित्रात दिसतं ते मला मान्य आहे. परवाना काढून घेतला तरी माझी तक्रार नाही.’ खाली सही होती, आणि तारीख मंगळवारची.

काकूंनी तो दोनदा वाचला. मंगळवारी दुपारी हा माणूस त्यांच्याकडून उठून गेला होता, तो भांडायचं सोडून हे लिहायला.

“अरे, पण तू तर ऐकलं होतंस ना?” त्यांचा आवाज चढला. “आधी गुणगुण, मग टक्. तू स्वतः तिथे उभा होतास. स्प्रिंग मोजली होतीस, दोनदा मोजली होतीस. मग हे का लिहिलंस?”

पाना त्यांच्याकडे पाहत राहिला, जणू काकूंनी भलताच सोपा प्रश्न विचारला होता.

“ऐकलं होतं,” तो म्हणाला. “पण काकू, समोर तुमची रेघ होती ना.”

हातातला कागद काकूंना धड परत देता येईना की फाडता येईना. आपल्या नावाची त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली, आणि डोळे भरून आले ते त्यांनी लपवलंही नाही. मग त्या पायरी न झटकता तशाच पान्याशेजारी खाली बसल्या.